खजुरी बाजारातलं जुन्या कायद्याच्या पुस्तकांचं दुकान, आणि तिथे मिळालेले फेडरल कोर्टाचे चार खंड

पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा कुठे कापला ते पुढे सांगते. दुकान इंदूरच्या खजुरी बाजारात आहे पण मेन रस्त्यावर नाही, आतल्या बोळात आहे, पुढे सगळी शाळेची पुस्तकं, गाईडं, वह्या, कव्हरांचे रोल असंच दिसतं त्यामुळे बरेच वकील बाहेरूनच परत जातात. मालकांना सांगायचं की कायद्याची जुनी पुस्तकं बघायचीत, मग ते मागच्या खोलीचं कुलूप काढून देतात आणि आत छतापर्यंत एआयआरचे, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालांच्या खंडांचे गठ्ठे, मध्य भारत राज्याच्या काळातले रिपोर्टर, होळकर स्टेटचे सर्क्युलर असं काय काय रचलेलं आहे. जुने वकील गेले की घरचे लोक पुस्तकं इथे आणून टाकतात. इंदूरमधल्या जुन्या वकिली घरांमध्ये काय काय होतं ते बघायचं असेल तर हीच एक जागा मला तरी माहीत आहे.

मी घेतले फेडरल कोर्ट रिपोर्ट्सचे चार खंड, १९३९, १९४१, १९४२ आणि १९४३. पूर्ण सेट नव्हता, मधला १९४० चा कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही. मालक म्हणाले, "मॅडम, हे कोर्टच बंद झालंय, याचा सायटेशनला काय उपयोग, एआयआर घ्या." सहाशे सांगितले होते खंडाला, चार एकदम घेतले म्हणून पाचशेनी दिले. घासाघीस करावी लागली नाही, माणूस सरळ आहे. पण त्यांच्या त्या वाक्याला उत्तर द्यायचंय म्हणूनच एवढं मोठं लिहितेय, कारण हे चार खंड मी आता नीट वाचलेत आणि माझं मत आहे की आपल्या सुप्रीम कोर्टाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने यातला निदान एक तरी वाचायला हवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फेडरल कोर्ट म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या आधीचं दिल्लीचं कोर्ट. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टच्या कलम २०० खाली स्थापन झालं, १ ऑक्टोबर १९३७ ला सुरू झालं आणि २६ जानेवारी १९५० ला संपलं, म्हणजे जेमतेम सव्वाबारा वर्षं. सुरुवातीला तीनच जज. चीफ जस्टिस सर मॉरिस ग्वायर, ज्यांचा १९३५ चा तो ॲक्ट ड्राफ्ट करण्यातच मोठा हात होता. दुसरे अलाहाबादचे सर शाह मुहंमद सुलेमान, जे जजगिरी सांभाळून रिलेटिव्हिटीवर पेपर लिहायचे, हे खरं आहे, त्यांनी स्वतःची वेगळी थिअरी मांडली होती. आणि तिसरे आपले बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. जयकर म्हटलं की आपल्याकडे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि तिथलं जयकर ग्रंथालय एवढंच आठवतं. पण देशातल्या पहिल्या घटनात्मक कोर्टाच्या पहिल्या तीन खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर मराठी माणूस होता हे मला वकिलीला इतकी वर्षं झाली तरी कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात फेडरल कोर्ट दोन ओळींत संपतं. १९३५ ॲक्ट, फेडरल कोर्ट, पुढे चला. ही गोष्ट मला फार खटकते.

१९३९ चा खंड आधी उघडा, पान १८. सेंट्रल प्रोव्हिन्सेस आणि बेरारचा पेट्रोल टॅक्स. नागपूरच्या सरकारने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के टॅक्स लावला, दिल्लीचं म्हणणं की ही तर एक्साइज ड्यूटी, म्हणजे माल तयार करण्यावरचा टॅक्स, झाली आणि ती आमची, प्रांताचं म्हणणं की हा मालाच्या विक्रीवरचा टॅक्स आहे आणि तो आमच्या यादीत आहे. गव्हर्नर जनरलने कलम २१३ खाली कोर्टाचं मत मागितलं, कोर्टासमोर आलेला हा पहिलाच रेफरन्स. तिघांनी वेगवेगळी मतं लिहिली आणि तिघेही प्रांताच्या बाजूने. इंग्रजांच्या राज्यात, गव्हर्नर जनरलने विचारलेल्या प्रश्नावर, कोर्टाने दिल्लीला सांगितलं की तुमचं चुकतंय. आज जीएसटीवरून राज्यं आणि केंद्र जे भांडतात त्या सगळ्याचं मूळ या पानांत सापडतं, केंद्र आणि प्रांतांच्या विषयांच्या दोन याद्या, दोन्हीकडे ओढता येईल अशी एंट्री, आणि कोर्ट म्हणतं की दोन्ही एंट्र्या एकत्र वाचा, एकीचा अर्थ असा ताणू नका की दुसरी मरून जाईल. ग्वायर यांचं लिखाण इतकं स्वच्छ आहे की ज्युनिअरलाही डोक्यात बसतं. जयकरांचं थोडं लांबतं, संदर्भ जास्त देतात, पण मला ते आवडलं, बारकाईने पुढे जातात.

आता यात इंदूरचं काय, तर ऐका. हा टॅक्स खंडव्याला लागू होता कारण निमाड जिल्हा, खंडवा बऱ्हाणपूर वगैरे, सेंट्रल प्रोव्हिन्सेसमध्ये. आणि सनावद, बडवाह होळकरांचं. म्हणजे त्या काळी इंदूरहून सिमरोळचा घाट उतरून बडवाह सनावदवरून खंडव्याला मोटर नेली तर सनावदपर्यंत या कायद्याचा काही संबंध नाही, खंडव्यात शिरलात की टॅक्सही सुरू आणि त्या टॅक्सबद्दल दाद मागायची तर नागपूर आणि दिल्लीची कोर्टंही सुरू. इंदूरला आपलं होळकर स्टेटचं हायकोर्ट, ग्वाल्हेरला शिंद्यांचं, बडोद्याला गायकवाडांचं, आणि फेडरल कोर्टाचा हात यातल्या कुठेही पोचत नव्हता.

खरं तर पोचायला हवा होता, ॲक्टमध्ये तसंच ठरलं होतं. ब्रिटिश इंडियाचे प्रांत आणि संस्थानं मिळून एक फेडरेशन, आणि त्यांच्यातल्या भांडणांसाठी फेडरल कोर्ट. पण अट अशी की संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निम्मी ज्यांच्याकडे आहे आणि वरच्या सभागृहात संस्थानांना दिलेल्या १०४ जागांपैकी ५२ ज्यांच्या वाट्याच्या आहेत इतके राजे आधी सामील झाले पाहिजेत. झाले नाहीत. वाटाघाटी चालत राहिल्या, कोणाला जकातीची काळजी, कोणाला आपल्या सार्वभौमत्वाची, मग सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि व्हाइसरॉय लिनलिथगोंनी फेडरेशनचं काम थांबवलं ते थांबलंच. कोर्ट मात्र दोन वर्षं आधीच सुरू झालेलं. म्हणजे फेडरेशन कधी झालंच नाही आणि त्याचं कोर्ट मात्र चाललं. आणि बसायचं कुठे, तर दिल्लीच्या पार्लमेंटच्या इमारतीत नरेंद्र मंडळाचा जो हॉल होता, चेंबर ऑफ प्रिन्सेस, तिथे! जे राजे फेडरेशनमध्ये आले नाहीत त्यांच्याच हॉलमध्ये हे कोर्ट भरायचं. मला वाटतं आपल्या होळकर-शिंदे-गायकवाडांच्या इतिहासावर जे एवढं बोललं जातं त्यात ही गोष्टही सांगितली गेली पाहिजे, की आपल्या राजांनी उशीर केला त्यामुळे या शहरांतल्या लोकांना देशाचं वरचं कोर्ट उशिरा मिळालं. मला होळकरांबद्दल आदर आहे, शहरातल्या अर्ध्या चांगल्या गोष्टी त्यांच्यामुळे आहेत, पण म्हणून हे लपवायचं कशाला.

अधिकारही कमीच होते या कोर्टाला. प्रांत विरुद्ध प्रांत किंवा प्रांत विरुद्ध केंद्र अशी केस आली तर फक्त डिक्लरेशन द्यायचं, म्हणजे हक्क कोणाचा एवढंच जाहीर करायचं, बाकी हुकूम नाही. अपील यायची तर हायकोर्टाने सर्टिफिकेट दिलं पाहिजे की यात ॲक्टच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न आहे. आणि यांच्याही डोक्यावर लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे साम्राज्याचं शेवटचं अपील कोर्ट, बसलेलीच. एवढ्या बांधलेल्या हातांनी त्यांनी जे केलं ते वाचताना माझ्या मनात या लोकांबद्दल खूप मान वाढला.

१९४१ च्या खंडाबद्दल थोडक्यात. हिंदू स्त्रियांचा मालमत्तेवरचा हक्क, १९३७ चा कायदा, विधवेला मुलाइतका वाटा. कोर्टाला विचारलं की शेतजमिनीला लागू का, कोर्ट म्हणालं नाही, शेतजमीन प्रांतांचा विषय आहे, केंद्राचा कायदा तिथे चालणार नाही. कायद्याने बरोबरच आहे, मी स्वतः तेच लिहिलं असतं. पण आपल्याकडे घराची खरी मालमत्ता म्हणजे जमीनच, आणि नेमकी तीच बाहेर राहिली. नंतर बऱ्याच प्रांतांनी आपापले कायदे करून ती आत घेतली. आमच्याकडे वारसाहक्काच्या मॅटरमध्ये अजूनही कधी कधी १९५६ च्या आधीचा मृत्यू निघतो आणि मग हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो, तेव्हा याचा उपयोग नाही असं कोणी म्हणू नये.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो १९४२ आणि १९४३ मध्ये. बेचाळीसमध्ये निहारेंदु दत्त मजुमदार यांची केस, राजद्रोहाची. बंगालच्या विधानसभेचे मेंबर, कलकत्त्यात भाषण केलं, शिक्षा झाली. ग्वायर यांनी लिहिलं की सरकारवर नुसती कडक टीका केली म्हणून राजद्रोह होत नाही, त्याने सार्वजनिक शांतता बिघडली पाहिजे किंवा बिघडेल अशी वाजवी शक्यता तरी पाहिजे. सुटले. युद्ध चालू, जपानी फौजा बर्माकडून येतायत आणि इंग्रज चीफ जस्टिस असं लिहितो! पुढे १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव नारायण भालेराव यांच्या केसमध्ये, ती मुंबई हायकोर्टातून गेली होती, सांगितलं की फेडरल कोर्टाने चुकीचा अर्थ लावला, शांतता बिघडण्याची अटच नाही. आणि मग १९६२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने केदारनाथ सिंग केसमध्ये प्रिव्ही कौन्सिलचं बाजूला ठेवून फेडरल कोर्टाचा अर्थ उचलला. त्यानंतर राजद्रोहाच्या कलम १२४-अ वर जेवढे वाद झाले ते सगळे त्या अर्थाच्या आधाराने झाले. बंद झालेलं कोर्ट म्हणता ना, बघा.

त्रेचाळीसच्या खंडात पान ४९, केशव तळपदे. मुंबईचे. युद्धकाळातल्या डिफेन्स ऑफ इंडिया रूल्सच्या नियम २६ खाली डांबून ठेवलेले. बेचाळीसच्या चळवळीनंतर याच नियमाखाली हजारो लोक आत होते. कोर्टाने एका बाजूला मूळ डिफेन्स ऑफ इंडिया ॲक्ट ठेवला आणि दुसऱ्या बाजूला नियम ठेवला आणि दोन्ही मिळवून बघितले. ॲक्ट म्हणतो ज्याच्यावर वाजवी संशय आहे त्याला अटकेत ठेवता येईल असे नियम करा. नियम म्हणतो सरकारची खात्री पटली की ठेवा. म्हणजे ॲक्टने सरकारवर जी एक अट घातली होती, की संशयाला काहीतरी आधार हवा, ती नियम करताना गाळली. ग्वायर आणि तेव्हाचे बाकीचे दोन जज वरदाचारियर आणि जफरुल्ला खान, तिघांनी मिळून २२ एप्रिल १९४३ ला नियम २६ बेकायदा ठरवला. ग्वायर निवृत्त व्हायच्या अगदी तोंडावर. सरकारने काय केलं, २८ एप्रिलला ऑर्डिनन्स, म्हणजे वटहुकूम, काढला आणि सांगितलं की नियम पहिल्यापासून कायदेशीर होता असं समजावं. सहा दिवस. नंतर १९४५ मध्ये शिवनाथ बॅनर्जी केसमध्ये प्रिव्ही कौन्सिल म्हणाली तळपदेचा निकालच चुकीचा होता. याच खंडात पुढे पान ९६ वर बेनोआरीलाल शर्माची केस, स्पेशल क्रिमिनल कोर्टांचा ऑर्डिनन्स रद्द केला, तोही प्रिव्ही कौन्सिलने उलटवला.

माझ्या प्रतीत तळपदेच्या निकालाशेजारी मार्जिनमध्ये पेन्सिलीने मराठीत बारीक अक्षरात लिहिलंय, "ऑर्डिनन्स १४/४३ पाहा", आणि त्याखाली दुसऱ्या वेळी, शाईने, "पी.सी. १९४५, ओव्हररूल्ड", आणि त्या ओव्हररूल्डखाली दोन रेघा. आधी ज्यांचा हा खंड होता ते वकील केसच्या मागे मागे दोन वर्षं चालत होते हे दिसतं. पुढच्या पानावर त्यांनी कोर्टाच्या कारणमीमांसेतला प्रत्येक मुद्दा १, २, ३ असा आकड्यांनी दाखवलाय, म्हणजे आर्ग्युमेंटला उभं राहताना लगेच सापडावा म्हणून. पीडीएफ फुकट मिळतात हे मला माहीत आहे, मीही वापरते, पण हे पीडीएफमध्ये नसतं.

आणि इथेच तो अर्धा स्टार गेला. दुकानात बाइंडिंगही करून देतात, मागच्या खोलीतच त्यांचा माणूस बसतो. १९४१ च्या खंडाला कसर लागलेली होती, पाठ सुटलेली, मी करायला दिला. शिवण छान केली, फर्मे सोडवून पुन्हा दोऱ्याने शिवले, खळीत मोरचूद घालतात म्हणजे किडा लागत नाही, कापडी पाठ, सोनेरी अक्षरं, सगळं मनापासून. पण शेवटी कडा सारख्या दिसाव्यात म्हणून मशीनवर कटिंग मारलं आणि त्यात मार्जिनमधल्या पेन्सिलीच्या नोटा अर्ध्या कापल्या गेल्या. कुठे पहिलं अक्षर गेलं, कुठे आकडा. मला खूप वाईट वाटलं, कारण ते आता परत येणार नाही. मालकांना सांगितलं तर त्यांनी मान्य केलं, बाइंडिंगचे पैसे घेतले नाहीत, आणि त्या माणसाला माझ्यासमोर बोलावून सांगितलं की जुन्या पुस्तकाला विचारल्याशिवाय मशीन लावायची नाही. तुम्ही दिलंत तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात "कडा कापू नये" असं लिहून द्या. आणि रेक्झिन घेऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते चिकटतं, कापडच सांगा.

अजून एक, १९४३ च्या खंडात बेनोआरीलालच्या केसमधली काही पानं नव्हती. घ्यायच्या आधी पानं मोजून बघायला मालक स्वतःच सांगतात, टेबल देतात, पंखा लावून देतात, घाई करत नाहीत. कमी निघाली तर त्यांनी दुसऱ्या एका फाटक्या प्रतीतून तीच पानं काढून आत लावून दिली. ही सर्व्हिस कुठलं ऑनलाइन दुकान देणार.

पुढचे खंड मिळाले तर मला हवेत, कारण या कोर्टाचा शेवटही बघण्यासारखा आहे. ग्वायर यांच्यानंतरचे चीफ जस्टिस स्पेन्स गेले, १४ ऑगस्ट १९४७ ला हरिलाल कनिया चीफ जस्टिस झाले, फेब्रुवारी १९४८ पासून मोठ्या दिवाणी अपिलं लंडनऐवजी थेट इथे यायला लागल्या, आणि १० ऑक्टोबर १९४९ ला प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी वाटच बंद झाली. म्हणजे ज्या कोर्टाचे निकाल वरून उलटवले जात होते ते शेवटचे साडेतीन महिने खऱ्या अर्थाने देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट होतं. मग घटना आली, फेडरल कोर्टाचे जज तेच सुप्रीम कोर्टाचे जज झाले, २८ जानेवारी १९५० ला त्याच चेंबर ऑफ प्रिन्सेसमध्ये उद्घाटन झालं आणि १९५८ पर्यंत सुप्रीम कोर्ट तिथेच बसलं. आपलं इंदूर तोवर मध्य भारतात गेलेलं, हायकोर्ट ग्वाल्हेरला आणि इंदूरला बेंच. ज्या दिल्लीच्या कोर्टाशी शहराचा काही संबंध नव्हता त्याच्याकडे इथल्या वकिलांच्या अपिलं जायला लागल्या.

कोणाकडे १९४० चा किंवा १९४७ नंतरचा कुठलाही खंड असेल आणि काढायचा असेल तर रद्दीत घालू नका, या दुकानात नेऊन द्या, योग्य भाव देतात, माझ्या ओळखीच्या एका घराला दिलाय. नवीन वकिलांना सांगेन की सेट परवडत नसेल तर फक्त १९४३ चा मागा. दुपारी जेवणाच्या वेळी बंद असतं, संध्याकाळी गर्दी असते तेव्हा मागची खोली उघडून देत नाहीत, सकाळी जा. यूपीआय चालतं. पार्किंग अजिबात नाही, गाडी राजवाड्याकडे लावून चालत या.